एकट्याचे आकाश

नवी मुंबईतील करावे हे मूळचे खाडीकाठचे गाव. आगरी-कोळी लोकांची ही वस्ती ठाण्याच्या खाडीच्या आधाराने पूर्वापार नांदत आली आहे. भरतीच्या वेळी येथील तिवरांच्या मुळांशी पाणी चढते; ओहोटी लागली की चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि हिवाळ्यात त्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. गावाभोवती आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि आकाशात पक्ष्यांच्या जोडीला विमानेही दिसू लागली आहेत. उलव्याची टेकडी सपाट करून आणि नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली.

खाडीवरून उतरणाऱ्या अशा एखाद्या विमानाकडे पाहिले, म्हणजे ते किती शांतपणे, किती निश्चिंतपणे खाली येत आहे असे वाटते. ही निश्चिंती उगीच आलेली नसते. विमानाच्या पुढच्या भागात एक नव्हे, तर दोन वैमानिक बसलेले असतात. ढगांच्या पोटात काय दडले आहे, ते रडार त्यांना दाखवीत असते. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरी त्यांना धावपट्टीची वाट अंधारातही दाखवितात. सरळ मार्गाने जात असताना विमान यंत्राच्या स्वाधीन करता येते. वैमानिकाने किती तास काम करावे आणि किती तास विश्रांती घ्यावी, याचेही नियम ठरलेले आहेत. वेतन चांगले, गणवेश रुबाबदार, आणि संध्याकाळी मुक्कामाला स्वच्छ हॉटेल! अशा सुखाच्या नोकरीत असलेल्या माणसाला आणखी काय हवे, असे कोणालाही वाटेल.

तथापि अशा सुखसोयींत वावरणाऱ्या वैमानिकांपैकी कित्येकांच्या मनात एका जुन्या काळाविषयी विलक्षण ओढ असते. त्या काळी विमान लहान होते, वैमानिक एकटा होता, आणि त्याच्या पाठीमागे प्रवासी नव्हते. होत्या त्या टपालाच्या थैल्या. वाट चुकली तर विचारावयास कोणी नाही, यंत्र बिघडले तर दुरुस्त करावयास कोणी नाही. असा तो धोक्याचा काळ माणसाला हवाहवासा का वाटावा? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर फार दूर जावयास नको. करावे गावापासून पश्चिमेला, खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्याही पलीकडे, अरबी समुद्राच्या काठी, जुहूचे जुने विमानतळ आहे. भारतातील हवाई टपालाची एक थोर कथा तेथेच घडली.

विमानातून टपाल नेण्याचा प्रयोग आपल्या देशात त्याहीपूर्वी झाला होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उड्डाण केले होते. जगातील ते पहिले अधिकृत हवाई टपाल मानले जाते. परंतु तो एका प्रदर्शनानिमित्त केलेला प्रयोग होता. ऊन असो, वारा असो, नेमाने टपाल पोहोचविणारी भारतीय सेवा सुरू होण्यास पुढे एकवीस वर्षे जावी लागली.

ती सुरू करण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मांडली, आणि ती उचलून धरली जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी. जे. आर. डी. या नावाने पुढे सर्व देशाला परिचित झालेल्या या गृहस्थांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. फ्रान्सच्या समुद्रकाठी त्यांच्या कुटुंबाचे घर होते. त्याच किनाऱ्यावर लुई ब्लेरियो यांचेही घर होते. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरियो! वाळूवर उतरणारी विमाने पाहूनच छोट्या जहांगीरने वैमानिक होण्याचा निश्चय केला. हा निश्चय १९२९ सालच्या फेब्रुवारीत पुरा झाला. भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना जे. आर. डी. यांना मिळाला आणि त्यावर क्रमांक होता एक.

त्या काळी इंग्लंडहून निघालेले टपाल विमानाने कराचीपर्यंत येत असे. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होती. पण कराचीहून मुंबईला आणि मद्रासला ते टपाल नेमाने नेईल, अशी भारतीय विमानसेवा नव्हती. ती उणीव भरून काढण्याचे टाटा आणि व्हिन्सेंट यांनी ठरविले. जवळ दोन लहान पस मॉथ विमाने, हाताशी मोजकी माणसे आणि सरकारी अनुदानाचा आधार नाही, अशा स्थितीत या उद्योगाचा प्रारंभ झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ चा तो दिवस. पहाट नुकतीच उजाडली होती. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावर एक इवलेसे विमान उभे होते. त्याला इंजिन एकच. पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले. त्यात सुमारे पंचवीस किलो वजनाचे टपाल ठेवण्यात आले. अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. एकटेच आत चढले. वाट दाखविणारा रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा, हिशेबाची सरकपट्टी आणि स्वतःचे डोळे एवढीच त्यांची साधने. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी विमानाने जमीन सोडली.

खाली सिंधचे सपाट प्रदेश आणि कच्छचे रण मागे पडू लागले. विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. खालच्या खुणा नकाशाशी ताडून पाहावयाच्या, वाऱ्याने विमान किती बाजूला ढकलले याचा अंदाज बांधावयाचा आणि इंजिनाच्या आवाजात जराही फरक पडतो का, ते ऐकत राहावयाचे. हे सारे एकाच माणसाने करावयाचे! अहमदाबादेस ते उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणण्यात आले. नव्या युगाच्या वाहनाला जुन्या युगाच्या वाहनाने इंधन पोहोचविले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मैदानावर विमान सुखरूप टेकले. मुंबईचे टपाल तेथे उतरविण्यात आले आणि उरलेल्या थैल्या व्हिन्सेंट यांच्या विमानात चढल्या. त्यांनी बल्लारीस रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचले.

एक उड्डाण यशस्वी करणे हा पराक्रम खरा. परंतु तेच उड्डाण दर आठवड्याला, ठरल्या वेळी करीत राहणे हे त्याहून अवघड काम होते. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची सखल जमीन. पावसाळा आला की ते पाण्याखाली जाई आणि सारा कारभार तात्पुरता पुण्यास हलवावा लागे. पश्चिम घाटावर ढग उतरलेले असत. समोर डोंगर आहे की ढग, हे वैमानिकाला स्वतःच ठरवावे लागे. अशाही स्थितीत १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या लहानशा विमानांनी सुमारे १,६०,००० मैलांचा प्रवास केला आणि दहा टनांहून अधिक टपाल पोहोचविले.

याच सुमारास जगाच्या इतर भागांतही टपालाचे वैमानिक असेच जिवावर उदार होऊन उडत होते. अमेरिकेत चार्ल्स लिंडबर्ग सेंट लुईस ते शिकागो या मार्गावर टपाल नेत असत. १९२६ च्या शरद ऋतूत दाट धुके आणि खराब हवा यांमुळे त्यांना दोनदा हवाई छत्रीच्या साहाय्याने रात्री विमानाबाहेर उडी घ्यावी लागली. पहिल्या वेळी जमिनीवर पोहोचताच त्यांनी शेतात कोसळलेले आपले विमान शोधले, त्यातील टपाल बाहेर काढविले आणि ते आगगाडीने पुढे रवाना केले. पुढच्याच वर्षी अटलांटिक महासागर एकट्याने, कोठेही न थांबता ओलांडून ते जगप्रसिद्ध झाले. फ्रेंच वैमानिक आंरी गियोमे यांचे विमान १९३० सालच्या जून महिन्यात, दक्षिण अमेरिकेतील कडाक्याच्या हिवाळ्यात, अँडीज पर्वतात हिमवादळात सापडून उतरले. निजलो तर पुन्हा उठणार नाही हे ओळखून ते पाच दिवस बर्फातून चालत राहिले आणि जिवंत परतले. त्यांचे मित्र आंत्वान द सँतेक्झ्युपेरी हेही टपालाचे वैमानिक होते. ‘द लिटल प्रिन्स’ या पुस्तकामुळे त्यांचे नाव जगातील मुलांना ठाऊक आहे. वाळवंटावरील आणि पर्वतांवरील एकाकी उड्डाणांच्या आठवणी त्यांनी इतक्या उत्कटतेने लिहून ठेविल्या, की त्या वाचून किती तरी तरुणांना आकाशाचे वेड लागले.

या आठवणींत असे कोणते सुख होते? थंडी, भूक, इंजिनाचा कर्कश आवाज आणि मृत्यूची भीती यांत सुख नव्हते. सुख होते ते पूर्ण विश्वासाचे. कोणी तरी अनोळखी माणसाने लिहिलेली पत्रे आपल्या हवाली केली आहेत. कोठे आईचा निरोप आहे, कोठे व्यापाऱ्याची हुंडी आहे. आणि ती पोहोचतील की नाही, हे केवळ आपल्या दक्षतेवर अवलंबून आहे. चूक झाली तर ती आपली, यश आले तर तेही आपलेच. आपल्या हातातील कामाचा आरंभ आणि शेवट दोन्ही आपल्या डोळ्यांनी पाहण्याचे समाधान फार मोठे असते. मोठ्या यंत्रणेत काम करणाऱ्या माणसाला हे समाधान सहसा लाभत नाही. म्हणूनच त्याचे मन त्या जुन्या आकाशाकडे ओढ घेते.

परंतु या ओढीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुन्या दिवसांच्या गोड आठवणी जे सांगतात, ते परत आलेले असतात. जे परत आले नाहीत, त्यांना आठवणी सांगता येत नाहीत. अँडीजमधून चालत परतलेले गियोमे १९४० साली भूमध्य समुद्रावर उडत असताना त्यांचे विमान पाडण्यात आले. त्यांचे दुसरे सोबती जाँ मेर्मोझ १९३६ साली टपाल घेऊन निघाले असता दक्षिण अटलांटिक महासागरावर नाहीसे झाले. सँतेक्झ्युपेरी १९४४ सालच्या जुलै महिन्यात युद्धकामगिरीवर गेले, ते परतलेच नाहीत. त्यांच्या विमानाचे अवशेष २००० साली मार्सेय शहराजवळच्या समुद्रात सापडले. जे. आर. डी. यांचे सहकारी व्हिन्सेंट हेही १९४२ साली महायुद्धाच्या काळात एका लष्करी विमानातून प्रवास करीत असता मृत्युमुखी पडले. यांतील काही मृत्यू युद्धाने ओढवले. पण त्या काळी आकाशाशी मैत्री करणाऱ्याला केवढी किंमत द्यावी लागत असे, हे या नावांवरून कळून येते.

म्हणूनच एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांनी धोक्याचे आकाश अनुभवले, त्यांच्यापैकीच अनेकांनी ते इतरांसाठी निर्धोक करण्याकरिता आपले आयुष्य वेचले. जे. आर. डी. यांच्या त्या दोन विमानांच्या सेवेतून १९४६ साली एअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ साली विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी १९७८ पर्यंत जे. आर. डी. तिचे अध्यक्ष होते. एके काळी एकट्याने, कोणत्याही सोयीविना उडणारा हा माणूस आता प्रवाशांच्या आसनांची ठेवण आणि त्यांना मिळणाऱ्या चहाचा रंगही बारकाईने पाहत असे. आपल्याला जे सुख मिळाले नाही, ते दुसऱ्याला मिळावे, एवढेच नव्हे तर ते उत्तम प्रतीचे मिळावे, असा त्यांचा आग्रह असे.

टपालाच्या विमानांचाही असाच विकास होत गेला. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र नागपूर हे ठरले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परतत. सारे शहर झोपेत असताना देशाच्या चार दिशांची पत्रे नागपूरच्या धावपट्टीवर एकमेकांना भेटत असत! आता वैमानिक एकटा राहिला नव्हता. त्याच्या शेजारी सहकारी होता, त्याच्याशी बोलणारा रेडिओ होता. एकाकीपणाची जागा सहकार्याने घेतली. पण पत्र वेळेवर पोहोचविण्याचे व्रत तेच राहिले.

मग जुने कसब निरुपयोगी झाले का? या प्रश्नाचे उत्तर पुन्हा करावे येथेच मिळते. येथे ‘चाणक्य’ ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ या जहाजावर जी शिक्षणपरंपरा सुरू झाली, तीच पुढे ‘राजेंद्र’ या जहाजावरून येथे आली. आज जहाज कोठे आहे, हे उपग्रहाच्या साहाय्याने क्षणात कळते. तरीही सूर्य आणि तारे यांवरून आपले स्थान काढण्याची विद्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला शिकावीच लागते. कारण यंत्र केव्हा मुके होईल, याचा नेम नसतो. मोठ्या विमानातील वैमानिकालाही इंजिन बंद पडले तर काय करावे, धुके आले तर कोठे वळावे, याची परीक्षा ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शांत दिसणाऱ्या त्या विमानात एक दक्ष मनुष्य बसलेला असतो. ज्या संकटाची तयारी तो नित्य करतो, ते शंभर दिवस येत नाही. पण एकशे एकाव्या दिवशी आले, तर त्याच्या मागे बसलेल्या दीडदोनशे माणसांचे प्राण त्या तयारीवरच अवलंबून असतात. टपालाच्या थैलीहून हा भार किती तरी मोठा आहे.

जुन्या आकाशाची ओढ जे. आर. डी. यांनाही सुटली नव्हती. १९६२ साली, पहिल्या उड्डाणास तीस वर्षे झाली तेव्हा, त्यांनी तोच प्रवास एका लहान विमानातून पुन्हा केला. पुढे १५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यास पन्नास वर्षे पुरी झाली. जे. आर. डी. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मोठमोठ्या विमानांचा ताफा उभा करणारे ते वृद्ध गृहस्थ त्या दिवशी एक इंजिनाच्या लेपर्ड मॉथ विमानात एकटेच बसले आणि कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरले. साहसाची आणि उत्साहाची ठिणगी तरुणांच्या मनात पुन्हा चेतावी, हा त्यांचा त्यामागील हेतू होता. धोका परत आणावा, असे त्यांना वाटत नव्हते. परंतु जबाबदारी एकट्याच्या खांद्यावर घेण्याची हिंमत सुखाच्या दिवसांत हरवू नये, असे मात्र त्यांना मनापासून वाटत होते.

करावे गावच्या खाडीवर संध्याकाळ होते. ओहोटीच्या चिखलात वेचावयाचे ते वेचून पक्षी उडून जातात. एखादी होडी किनाऱ्याकडे वळते. दूर, दिवे लागलेले एक विमान हळूहळू खाली येते आणि क्षणार्धात इमारतींच्या आड जाते. त्यातील प्रवासी आपापल्या सामानाची आवराआवर करीत असतील. पुढे बसलेल्या दोघांचे डोळे मात्र अजून धावपट्टीवरच खिळलेले असतात.

शब्दार्थ

रोहित – लांब पायांचा गुलाबी पाणपक्षी (फ्लेमिंगो). तिवर – खाऱ्या पाण्यात वाढणारे झाड. इलाखा – इंग्रजी अमदानीतील मोठा प्रांत. हुंडी – पैसे देण्याविषयीचा व्यापारी कागद. सरकपट्टी – गणिते झटपट करण्याची खुणांची पट्टी. जिवावर उदार होणे – प्राणांची पर्वा न करणे. निर्धोक – ज्यात भय नाही असे.

स्वाध्याय

१. आजच्या प्रवासी विमानातील वैमानिकाला कोणकोणती साधने उपलब्ध असतात?
२. १५ ऑक्टोबर १९३२ च्या उड्डाणाचे वर्णन आपल्या शब्दांत करा.
३. ‘नव्या युगाच्या वाहनाला जुन्या युगाच्या वाहनाने इंधन पोहोचविले’ असे का म्हटले आहे?
४. जुन्या काळाच्या गोड आठवणींवर पूर्ण भरवसा का ठेवता येत नाही?
५. जे. आर. डी. टाटा यांनी १९८२ साली पुन्हा एकट्याने उड्डाण का केले?
६. आपल्या गावातील एखाद्या वृद्ध नावाड्यास, शेतकऱ्यास किंवा कारागिरास त्याच्या कामातील कोणती जुनी गोष्ट आठवते आणि कोणती नवी सोय आवडते, ते विचारा व दहा ओळी लिहा.